विद्यार्थ्यांची कर्जे आणि नोंदींची समान भाषा

विद्यार्थ्यांच्या कर्जाचा विषय निघाला म्हणजे व्याजाचा दर किती, फेडीची मुदत किती, आणि कर्ज काढून शिकावे की न शिकावे, ह्याच गोष्टींची चर्चा बहुधा होते. कर्ज मंजूर झाल्यापासून ते पैसे विद्यापीठाच्या खजिन्यात जमा होईपर्यंत मध्यंतरी जो प्रवास घडतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र खरी कसोटी तेथेच असते. सत्राचा पहिला दिवस ठरलेला असतो. शुल्क, खोलीचे भाडे, पुस्तके ही देणी त्याच सुमारास उभी राहतात. आणि पैसे महिनाभर उशिरा आले तर ते मंजूर होते एवढ्याने त्याचे समाधान व्हावयाचे नाही. हा उशीर पैशांच्या अभावामुळेच होतो असे नाही. पुष्कळदा तो माहितीच्या खोळंब्यामुळे होतो. ही माहिती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत बिनचूक व वेळेवर जावी म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1990 नंतरच्या काळात जे प्रयत्न झाले, त्यांची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम तेथील पद्धतीची थोडी ओळख करून घेऊ. 1957 साली रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यावर अमेरिकेत शिक्षणाविषयी जी खळबळ उडाली, तिच्यातून 1958 चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा जन्मास आला आणि कॉलेजांच्या द्वारे विद्यार्थ्यांस सरकारी पैशातून कर्जे मिळू लागली. पुढे 1965 साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने निराळीच योजना आखली. पैसा बँकेने द्यावयाचा. विद्यार्थ्याने तो बुडविला तर भरपाईची हमी घटकराज्यातील एखाद्या हमीसंस्थेने घ्यावयाची. आणि त्या हमीसंस्थेच्या पाठीशी संघसरकारने उभे राहावयाचे. तारण म्हणून देण्यासारखे काही नसलेल्या अठरा वर्षांच्या मुलास बँकेने कर्ज द्यावे, यासाठी ही सारी मांडणी होती.

योजना उदार होती, पण तिच्यात पक्षकार फार झाले. विद्यार्थी हा ऋणको, बँक ही धनको, तिसरी हमीसंस्था, चौथे विद्यापीठ, कारण विद्यार्थी खरोखरच पटावर आहे काय, त्याच्या शिक्षणास खर्च किती, आणि त्यास दुसरीकडून किती साहाय्य मिळाले आहे, हे विद्यापीठानेच प्रमाणित करावयाचे. पुढे बँक ते कर्ज दुसऱ्या संस्थेस विकू शके. विद्यार्थिऋणे विकत घेण्यासाठी 1972 साली ‘सॅली मे’ ही संस्थाच संघसरकारच्या आश्रयाने निघाली. हप्ते वसूल करणारी कचेरी आणखी वेगळी. अशा रीतीने एका विद्यार्थ्याच्या एका कर्जाविषयी पाच-सहा ठिकाणी पाच-सहा नोंदी राहत. आणि त्या सर्व एकमेकींशी जुळल्या तरच व्यवहार सुरळीत चाले.

आता एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कचेरीची कल्पना करा. तिच्याकडे निरनिराळ्या राज्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाची बँक निराळी, हमीसंस्था निराळी. प्रत्येक हमीसंस्थेचा अर्जाचा नमुना स्वतंत्र. संगणक आल्यावर ही अडचण दूर होईल असे वाटले होते. परंतु आरंभी ती अधिकच वाढली. जो तो आपापल्या सोयीने रकाने आखू लागला आणि आपापले सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या हाती देऊ लागला. दहा विद्यापीठांस आठ धनकोंशी व्यवहार करावयाचा असेल आणि प्रत्येक जोडीने आपसांत वेगळी पद्धत ठरविली, तर ऐंशी पद्धती सांभाळाव्या लागतात. त्याच अठरा जणांनी एकच समान पद्धत मान्य केली, तर प्रत्येकाने आपली नोंद एकदाच त्या पद्धतीशी जुळवून घ्यावयाची. म्हणजे अठरा जुळण्यांत काम भागते. प्रमाणीकरणाचे सारे अर्थशास्त्र ह्या साध्या हिशेबात आहे.

‘प्रमाण’ म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. संगणकांतील जुन्या पद्धतीच्या नोंदीत अक्षरांची एक लांबच लांब ओळ असते. तिच्यातील अमुक घरापासून तमुक घरापर्यंत आडनाव, पुढची आठ घरे जन्मतारखेची, त्यापुढची काही कर्जाच्या रकमेची, असे ठरलेले असते. समजा, कर्ज साडेपाच हजार डॉलरचे आहे. एका कचेरीने रक्कम सेंटांसह लिहिण्याचा प्रघात ठेवला आणि दुसरीने केवळ डॉलर मोजण्याचा, तर पहिलीचे साडेपाच हजार दुसरीला साडेपाच लाख दिसतील. तारखेचेही तसेच. ‘03-04’ असे लिहिले तर अमेरिकन मनुष्य ते मार्च महिन्याची चौथी तारीख म्हणून वाचील, आणि आपण एप्रिल महिन्याची तिसरी म्हणून. दोघेही आपापल्या परीने बरोबरच. चूक कोणाच्या वाचनात नाही. आधी करार झाला नाही, ही चूक. माणूस अशा ठिकाणी थबकतो, शंका काढतो, फोन करून विचारतो. यंत्र विचारीत नाही. त्यास जे सांगितले असेल त्याप्रमाणे ते पुढे चालते. म्हणून जी तडजोड माणसे रोजच्या व्यवहारात नकळत करीत असतात, ती यंत्रासाठी आधीच, अक्षरशः आणि लेखी करून ठेवावी लागते. अशा लेखी करारालाच प्रमाण म्हणतात.

अमेरिकेतील व्यापारी कागदपत्रांसाठी असे करार करण्याचे काम ‘एक्स-बारा’ नावाच्या समितीकडे 1979 पासून होते. मागणीपत्रे, बिले, मालाच्या याद्या यांचे नमुने तिने ठरविले. पुढे शिक्षणक्षेत्रानेही तिचा आश्रय घेतला. प्रत्येक नमुन्यास क्रमांक असे. विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाचा 130, कर्जाच्या अर्जाचा 135, हमीच्या निर्णयाचा 139, पटावरील उपस्थितीच्या दाखल्याचा 190, अशी ती मालिका होती. परंतु हे नमुने सर्व प्रकारच्या व्यापारास लागू पडतील अशा बेताने रचलेले असल्यामुळे ते बरेच गुंतागुंतीचे होते, आणि लहान कॉलेजांच्या कचेऱ्यांस ते पेलणे सोपे नव्हते.

मग ह्या बाबतीत खरी चालना कोठून मिळाली? ती मिळाली स्पर्धेतून. 1992 च्या कायद्याने बँकांच्या कर्जासाठी सर्वत्र एकच अर्ज व एकच वचनचिठ्ठी असावी असे ठरविले. त्यापाठोपाठ 1993 साली दुसरा कायदा होऊन सरकारने स्वतःच कर्ज देण्याची ‘थेट कर्ज’ योजना निघाली आणि 1994 च्या जुलैपासून तिची कर्जे मिळू लागली. तिच्यात धनको एकच, हमीसंस्था नाही, आणि नोंदीचा नमुनाही एकच. विद्यापीठांस हा सुटसुटीतपणा आवडणे स्वाभाविक होते. गिऱ्हाइके हातची जातील अशी धास्ती बँकांस व हमीसंस्थांस वाटू लागली. जे आजवर एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, ते ‘नॅशनल कौन्सिल ऑफ हायर एज्युकेशन लोन प्रोग्रॅम्स’ ह्या आपल्या संघाच्या द्वारे एका टेबलाभोवती बसले, आणि त्यातून ‘कॉमनलाइन’ नावाचे प्रमाण तयार झाले. विद्यापीठाने पाठवावयाच्या अर्जांची एक नोंद, तिला उलट येणाऱ्या उत्तराची दुसरी, पैसे पाठविताना सोबत द्यावयाच्या यादीची तिसरी, आणि रकमेत वा तारखेत बदल झाल्यास तो कळविण्याची चौथी, असा तिचा थोडक्यात आराखडा होता. धनको कोणीही असो, विद्यापीठाने एकाच पद्धतीने लिहावे आणि एकाच पद्धतीने वाचावे, हा तिचा हेतू.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नमुना छापून प्रसिद्ध केला म्हणजे प्रमाण रूढ झाले, असे होत नाही. कॉमनलाइनच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या, तेव्हा एक धनको चौथ्या आवृत्तीवर आणि दुसरा पाचवीवर, असा प्रकार घडू लागला. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांस दोन्ही सांभाळाव्या लागल्या. जेथे समितीने एखादा रकाना ‘ऐच्छिक’ म्हणून सोडला, तेथे जुने वैविध्य मागल्या दाराने पुन्हा आत येण्यास वाव राहिला. म्हणून प्रमाण ठरविण्यापेक्षा ते अंगीकारणे हेच अधिक कष्टाचे काम असते. ते कोणा एकाचे नव्हे, सर्वांचे आहे हे ओळखून 1997 साली ‘पोस्टसेकंडरी इलेक्ट्रॉनिक स्टँडर्ड्स कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. विद्यापीठे, सरकारी खाती, कर्जसंस्था आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांनी एकत्र बसून नमुने ठरवावेत, हे तिचे कार्य.

इतका वेळ आपण रकाने आणि नमुने यांविषयी बोललो. आता त्या रकान्यांत विद्यार्थ्याचे काय गुंतलेले असते ते पाहू. अमेरिकेतील सरकारी कर्जाचा असा नियम आहे की विद्यार्थी निदान अर्धवेळ शिकत आहे तोवर फेडीचा तगादा नाही. सत्रपद्धतीच्या कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यास बारा श्रेयांक म्हणजे पूर्णवेळ, सहा म्हणजे अर्धवेळ, असे सामान्यतः धरतात. अर्धवेळाच्या खाली उतरला, किंवा कॉलेज सोडले, की सहा महिन्यांच्या सवलतीची मुदत चालू होते आणि ती सरली की हप्ते सुरू. म्हणजे ‘हा विद्यार्थी आज पटावर कसा आहे’ ह्या एका अक्षराच्या नोंदीवर त्याच्या डोक्यावरचे देणे जागे होते किंवा निद्रिस्त राहते.

पूर्वी ह्या चौकशीच्या याद्या प्रत्येक संस्थेकडून स्वतंत्रपणे विद्यापीठाच्या पटनोंदणी कचेरीकडे येत, आणि कारकुनांनी एकेका नावापुढे खूण करून त्या परत पाठवावयाच्या असत. विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसरीकडे गेला तर पहिले विद्यापीठ प्रामाणिकपणे लिही, ‘येथे नाही’. दुसऱ्याचे उत्तर येईपर्यंत, वर्गात बसून शिकणाऱ्या त्या मुलास फेडीची नोटीस यावयाची! ह्या घोटाळ्यावर उपाय म्हणून 1993 साली एक ना-नफा संस्था निघाली. ती आज ‘नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. विद्यापीठाने आपला सबंध पट ठरलेल्या नमुन्यात तिच्याकडे पाठवावा आणि ज्याला ज्याची माहिती हवी त्याने ती तिच्याकडून घ्यावी, अशी ही व्यवस्था. बँका जसे परस्परांचे धनादेश समाशोधनगृहात वटवितात, तसेच येथे दाखले वटविले जातात.

पुढचा टप्पा भाषेच्या स्वरूपातील बदलाचा. वर सांगितलेली घरे मोजून वाचण्याची पद्धत एका बाबतीत फार ठिसूळ असते: मध्ये एखादा नवा रकाना घातला की त्यापुढची सर्व घरे सरकतात आणि सर्वांचीच वाचने चुकतात. 1998 साली ‘एक्सएमएल’ नावाची लेखनपद्धती जागतिक वेब-संघाने मान्य केली. तिच्यात प्रत्येक माहितीच्या पुढेमागे तिच्या नावाची पाटी असते. ही जन्मतारीख, ही रक्कम, असे नोंद स्वतःच सांगते. त्यामुळे नवी माहिती घालताना जुनीस धक्का लागत नाही. संघसरकारच्या शिक्षणखात्याने 2002-03 ह्या वर्षापासून ‘पेल’ अनुदाने आणि थेट कर्जे यांसाठी पूर्वीच्या निरनिराळ्या नमुन्यांऐवजी ह्याच पद्धतीची एक समाईक नोंद सुरू केली. विद्यार्थ्याची ओळख एकदाच लिहावयाची, आणि तिच्याखाली त्याला मिळणारे अनुदान व कर्ज एकत्र मांडावयाचे.

ओळख कशी ठरवावी हा प्रश्नही सोपा नव्हे. थेट कर्जाच्या प्रत्येक खात्यास एकवीस अक्षरांचा क्रमांक देण्याचे ठरले: पहिले नऊ अंक विद्यार्थ्याच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे, मग कर्जाचा प्रकार सांगणारे एक अक्षर, मग वर्षाचे दोन अंक, विद्यापीठाच्या सांकेतिक क्रमांकाची सहा अक्षरे, आणि शेवटी अनुक्रमाचे तीन अंक. रचना मोठी नेटकी आहे. क्रमांक पाहताच कर्ज कोणाचे, कोणत्या वर्षाचे, कोठले, हे कळते. परंतु ज्या क्रमांकावर त्या देशात मनुष्याचा आर्थिक व्यवहार अवलंबून असतो, तोच कर्जाच्या क्रमांकात उघडा लिहिला गेला की तो ज्या ज्या कागदावर जाईल तेथे तेथे जपावा लागतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गुप्ततेविषयी अमेरिकेत 1974 पासून कायदा आहे. समान भाषेमुळे नोंद सर्वांस वाचता येते, हा तिचा गुण. ती नको त्यासही वाचता येते, हा तिचा धोका. ह्या दोहोंचा विचार आरंभीच झाला पाहिजे.

2010 साली ह्या सर्व व्यवस्थेची परीक्षा झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये झालेल्या कायद्याने बँकांमार्फत कर्ज देण्याची 1965 पासूनची योजना नव्या कर्जांपुरती बंद केली, आणि 1 जुलैपासून सर्व नवी संघीय कर्जे सरकारकडून थेट दिली जाऊ लागली. बँकांच्या वाटेने जाणाऱ्या विद्यापीठांस थोड्या अवधीत सरकारी वाटेवर यावे लागले. तोवर समाईक नोंदीस आठ वर्षे होऊन गेली होती; तिच्यातून अनुदाने पाठविण्याचा सराव ह्या विद्यापीठांस आधीच होता. रस्ता नवीन बांधावयाचा नव्हता, त्यावर गाड्या वाढवावयाच्या होत्या. धोरणे बदलतात, सरकारे बदलतात. परंतु माहिती कशी लिहावी ह्याविषयी एकदा नीट झालेला करार धोरणाच्या पलीकडेही उपयोगी पडतो, हे ह्यावरून दिसते.

ह्याच्या उलट उदाहरण अगदी अलीकडचे. अमेरिकेत साहाय्यासाठी विद्यार्थ्याने जो एक सरकारी अर्ज भरावयाचा असतो, तो सोपा करण्याचा कायदा 2020 च्या डिसेंबरात झाला. हेतू स्तुत्य होता. प्रश्न कमी करावयाचे. उत्पन्नाची माहिती करखात्याकडून परस्पर घ्यावयाची. आणि कुटुंबाच्या ऐपतीचा जुना आकडा काढून टाकून नवा निर्देशांक आणावयाचा. जुना आकडा शून्याच्या खाली जात नसे. नवा उणे दीड हजारापर्यंत जाऊ शकतो. ऐकावयास बारीकसा फरक. पण ज्या रकान्यात उणे चिन्हास जागाच नव्हती, तेथे ती करून देणे म्हणजे प्रत्येक विद्यापीठातील सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करणे होय. दरवर्षी ऑक्टोबरात खुला होणारा अर्ज त्या खेपेस 2023 च्या डिसेंबरअखेर खुला झाला. विद्यापीठांकडे नोंदी जाऊ लागल्या त्या 2024 च्या मार्चमध्ये. आणि त्यांतील काहींची आकडेमोड चुकल्यामुळे त्या पुन्हा कराव्या लागल्या. आपल्याला किती साहाय्य मिळणार हे कळेपर्यंत अनेक विद्यार्थ्यांस कोठे प्रवेश घ्यावा हे ठरविता येईना. ह्यात सर्वांत अधिक झळ कोणास लागली असेल हे सांगावयास नको. ज्याच्या घरी पैसा आहे तो थांबू शकतो. साहाय्यावाचून ज्याचे शिक्षणच अडते, त्यास थांबणे म्हणजे पुष्कळदा परतणे होय. ह्यावरून बोध एवढाच की प्रमाण बदलू नये असे नाही. पण ते बदलावयाचे तर नमुना आधी, चाचणी त्यानंतर, आणि अंमल शेवटी, हा क्रम सोडता कामा नये.

आपल्या देशात ह्या दिशेने एक पाऊल पडले आहे. 15 ऑगस्ट 2015 रोजी ‘विद्यालक्ष्मी’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि एकच समान अर्ज भरून तीन बँकांपर्यंत मागणी करण्याची सोय विद्यार्थ्यास मिळाली. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजनेस मान्यता दिली. अर्जदार आणि बँक यांमधील अंतर ह्यामुळे कमी झाले. परंतु वर पाहिलेल्या साखळीत विद्यापीठ हा एक पूर्ण पक्षकार होता. प्रवेश झाला काय, शुल्क किती, विद्यार्थी ह्या सत्रात पटावर आहे काय, ह्या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाच्या दप्तरातच असतात. ती विद्यार्थ्याने दाखल्यांच्या रूपाने हातात घेऊन बँकेच्या दारी न्यावयाची की दप्तराने दप्तरास परस्पर कळवावयाची, ह्याचा विचार विद्यापीठांनीही आपणहून केला पाहिजे.

श्रोतेहो, ह्या साऱ्या हकीकतीत यंत्रांचे कौतुक थोडे आणि माणसांच्या सहमतीचे महत्त्व फार. यंत्रे 1990 पूर्वीही होती. उणीव होती ती एका शब्दाचा सर्वांनी एकच अर्थ करण्याची. ती भरून काढण्यासाठी प्रत्येक संस्थेस आपला आवडता नमुना, आपला जुना प्रघात, थोडासा अभिमानही सोडावा लागला. कोणत्याही विद्यापीठाने असे प्रमाण स्वीकारण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: आपल्या नोंदीतील प्रत्येक शब्दाचा अर्थ लेखी ठरला आहे काय? तो ज्यांच्याकडे जाणार त्यांनी मान्य केला आहे काय? आणि चूक झाली तर ती विद्यार्थ्याच्या माथी बसण्याआधी दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समितीच्या बैठकीत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर ज्या कचेरीत नावानिशी मिळेल, तेथेच सत्राच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याचे पैसे जमा झालेले असतील.